हॅवलॉकहून आलेलं पत्र आणि बामणोलीची लाँच

पत्र चांगलं चार पानी आहे, सगळं छापत नाही, मुद्द्याचं तेवढं सांगते. लिहिणारी मूळची सांगलीची, गावभागातली, वय ३२, पुण्यात सात वर्षं एका कंपनीत पेरोल बघत होती, म्हणजे चारशे माणसांचा पगार हिच्या हातून जायचा. नवऱ्याला अंदमानात हॅवलॉक बेटावर एका रिसॉर्टमधे मॅनेजरची नोकरी लागली, हिने राजीनामा दिला आणि फेब्रुवारीत दोघं तिकडं गेली. आता ऑगस्ट आहे. ती लिहिते:

"काकू, पहिले दोन महिने स्वर्गात आल्यासारखं वाटलं. आता दिवस संपता संपत नाही. प्लंबर तीनदा 'कल आएगा' म्हणाला, आला नाही. दुपारी दुकानं बंद. पाऊस आला की फेरी रद्द, फेरी रद्द की भाजी नाही. पावणेसहाला सूर्य जातो आणि सातलाच वाटतं रात्रीचे दहा वाजले. इथं कुणालाच कसली घाई नाही, मला एकटीलाच आहे, पण कशाची तेच कळत नाही. नवरा म्हणतो रिलॅक्स हो, लोक पैसे भरून येतात इथं. आई म्हणते मजा आहे बाई तुमची. मी आळशी झालेय का मला वेड लागणारे? कुणाला न सांगता डिसेंबरचं पुण्याचं तिकीट बघून ठेवलंय. ॲडजस्ट कसं करायचं ते सांगा, नाहीतर सरळ परत ये म्हणून सांगा."

अगं, आळशी झालेली नाहीस तू. आळशी माणसाला दिवस मोठा वाटत नाही, त्याला तो पुरतच नाही, आमच्या घरात एक नमुना आहे म्हणून सांगते. वेडबिड काही लागत नाही. आणि तिकीट बघून ठेवलंयस ते असू दे, त्याच्याकडं नंतर येते.

आधी ते "मजा आहे बाई". ह्या वाक्याचा मला इतका राग येतो ना. मी साताऱ्याची, आमच्या गावाला निम्मी दुनिया पेन्शनरांचं गाव म्हणते. पुण्यामुंबईचे पाहुणे येतात, गच्चीत उभं राहून अजिंक्यताऱ्याकडं बघत सुस्कारे टाकतात, किती शांत हो तुमच्याकडं, आम्हालाही इथंच येऊन राहायचंय, आणि रविवारी दुपारचे चार वाजले की चुळबूळ सुरू, खंबाटकीला ट्रॅफिक लागेल, निघूया. शांतता त्यांना कंदी पेढ्यासारखी हवी असते, एक बॉक्स बांधून न्यायला. रोज दोन्ही वेळेला जेवण म्हणून पेढेच खाऊन दाखवा म्हणावं. तुझी आई माया करून म्हणते ते वेगळं, पण त्या एका वाक्यानं तिला काही सांगायची तुझी सोयच संपते, हे माझ्या लक्षात आलंय.

माझी गोष्ट सांगते थोडी, लांबेल, पण तुझ्या कामाची आहे.

१९९३ साली माझी बदली झाली बामणोलीच्या पलीकडं, शिवसागर जलाशयाच्या त्या तिरावर. साठच्या दशकात कोयनेचं पाणी अडलं तेव्हा खोऱ्यातली शेतं, रस्ते, घरं खाली गेली आणि वर जी गावं उरली ती लाँचवर आली. नकाशात बघितलं तर जमिनीलाच चिकटलेली, पण बाजार, दवाखाना, तहसील सगळं पाण्याच्या अलीकडं. तुझा समुद्र आहे, माझं धरणाचं पाणी होतं, बरोबरी करत नाही मी, पण बोट आली तर जग आहे नाहीतर नाही हे दोन्हीकडं सारखंच. मी २७ वर्षांची, साताऱ्यात सायकलवरनं शाळेत जाणारी, हातात एचएमटीचं घड्याळ आणि त्याच्याकडं दर दोन मिनिटाला बघायची सवय.

पहिला सोमवार. अंधारात उठून कासवरनं जाणारी एसटी पकडली आणि सातच्या लाँचला पावणेसातला काठावर हजर. लाँच उभी आहे, लाँचवाले मामा दगडावर बसून चहात चपाती बुडवून खातायत. सात वाजले. सव्वासात. कोंबड्यांची पाटी घेऊन एक आजी आली, पाटी आत ठेवली आणि परत गेली, का तर तंबाखूची पिशवी पाहुण्यांच्या घरी राहिली. साडेसात. मी म्हणलं, मामा, शाळा आहे माझी. मामांनी कपातला शेवटचा घोट घेतला, कप पाण्यात खंगाळला, आणि म्हणाले, "बाई, पाणी कुठं पळून चाललंय व्हय?"

मी इतकी चिडले की त्या रात्री कंदिलाच्या उजेडात बदलीचा अर्ज लिहिला. पहिल्या वर्षात असे तीन अर्ज लिहिले. पावसात तिकडं लाईट जायची ती आठ आठ दिवस यायची नाही, शाळा सुटली की करायला काही नाही, पाऊस असा की समोरचं घर दिसत नाही. मी एकदा त्याच पोरांच्या त्याच वह्या दोनदा तपासल्यात, दुसऱ्यांदा हिरव्या पेनाने. म्हणून तू जे लिहिलंयस ना, की घाई आहे पण कशाची ते कळत नाही, ते वाक्य मी दोनदा वाचलं.

मग झालं काय की शेजारच्या मावशींनी शनिवारी मी साताऱ्याला निघताना हातात चिठ्ठी दिली, बीपीच्या गोळ्या. पुढच्या शनिवारी चार चिठ्ठ्या. दिवाळीपर्यंत पिशवीभर. शिलाई मशीनचा पट्टा, कुणाचा काढून ठेवलेला एक्सरे, सहावीचं गणिताचं पुस्तक, आणि एसटीडीवरनं मुंबईला माथाडीत असलेल्या मुलाला फोन करून नुसतं विचारायचं की गणपतीला येतोय का नाही. शनिवारी मी साताऱ्यात घरी कमी आणि मोती चौकात जास्त. आणि एका सोमवारी एसटी कासच्या घाटात बंद पडली, मी पोचले ती तब्बल दीड तास उशिरा, आता लाँच गेली, आता रजा पडली असं म्हणत धावत खाली आले तर लाँच उभी. अख्खी भरलेली. आजी कोंबड्यांसकट बसलेली. कुणी कुरकुर केली असणार, कारण मामा माझ्याकडं न बघता त्यांनाच म्हणाले, पाणी कुठं पळून चाललंय, बाईंकडं पट्टा हाय मशीनचा.

चौथा अर्ज लिहायचा राहूनच गेला. चार वर्षं काढली मी तिथं.

तर आता तुझं पत्र. चारही पानांत तू दमलेली आहेस, एक जागा सोडून. तिसऱ्या पानावर मधेच लिहिलंयस की शेजारच्या बौदीच्या (बंगालीत वहिनी) मुलाचा कॉलेजचा ऑनलाईन फॉर्म भरायचा होता, सारखा एरर येत होता, तू फोटोची साईज कमी करून दहा मिनिटात भरून दिलास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती केळीच्या पानात गुंडाळून मासा घेऊन दारात उभी. ते तू चार ओळीत लिहिलंस आणि लगेच पुढं गेलीस, असो म्हणून. मी त्या "असो" वरच अडकले बघ.

पुण्यात २८ तारीख आली की चारशे माणसं तुझी वाट बघायची. तुझं नाव माहीत नसेल त्यांना, पण पगार जमा झाला का म्हणून मोबाईल बघायची ना. तू त्याला टेन्शन म्हणायचीस, बरोबरच आहे, होतंच ते. पण ते गेल्यावर नुसतं टेन्शन गेलं नाही, वाट बघणारी माणसंही गेली. तुला संथपणाचा त्रास होतोय असं तुला वाटतंय, मला वाटतंय की तुझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही त्याचा त्रास आहे. संथ तर सांगलीही असतेच की दुपारी एक ते चार, गावभागात जन्मलेल्या पोरीला मी काय सांगायचं.

आणि तूच लिहिलंयस की २०१९ च्या पुरात तू घरीच होतीस. त्या ऑगस्टमधे आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा तुझं गावभाग बेटच होतं की. लाईट नाही, दुकान नाही, रस्ता नाही, काहीच हलत नव्हतं. मग तेव्हा दिवस खायला उठला का? तू म्हणतेस वरच्या मजल्यावर तीन कुटुंबं होती, तू मेणबत्त्या मोजून वाटायचीस आणि खालनं बोट गेली की दुधासाठी ओरडायचीस. भीती वाटली, रडू आलं, पण कंटाळा आला असं एक अक्षर नाही लिहिलंस. पूर यावा असं म्हणत नाहीये मी, देवा नको, पण मेणबत्त्या तुझ्याकडं होत्या हे लक्षात घे.

आता नवऱ्याचं. तो म्हणतो रिलॅक्स हो. चांगलाच असणार तो, पत्रावरनं कळतं, पण त्याला दिसतच नाहीये काही, कारण तो ज्या बेटावर राहतो ते तुझं बेट नाही. त्याची फेरी आली की गेस्ट आले, फेरी रद्द झाली की अडकलेल्या गेस्टची रूम, जेवण, चिडचिड सगळं त्याच्या डोक्यावर. तो पुण्याच्याच स्पीडने पळतोय, फक्त चपला घालून. रात्री नऊला दमून येतो आणि तुला समुद्रासमोर बसलेली बघतो, त्याला वाटणारच की हिचं बरंय. त्याला "मी बोअर होतेय" असं सांगू नको, त्या शब्दावर नवरे लोक लगेच फिरायला नेतात आणि विषय मिटला असं धरतात. राधानगर बीच कितीदा बघणार माणूस. सरळ सांग की मला इथं काम पाहिजे, टाईमपास नकोय. आणि डिसेंबरच्या तिकिटाचंही त्याला सांगून टाक, आजच. लपवलेलं तिकीट फार वाईट, तुला रोज वाटणार की आपण इथं तात्पुरत्या आहोत, आणि तात्पुरतं राहणारं माणूस कुणाशी ओळख करत नाही.

बरं, एक गोष्ट मात्र खरंच तुझ्या हातात आहे आणि ती तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. सूर्याचं गणित. आपल्या देशाचं घड्याळ चालतं ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर. सांगली त्याच्या पश्चिमेला, साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास, आणि तू आता पूर्वेला, त्र्याण्णवच्या जवळ. अठरा अंशांचा फरक, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तुझा सूर्य सांगलीच्या सूर्याच्या जवळजवळ सव्वा तास पुढं पळतोय आणि भिंतीवरचं घड्याळ मात्र दोन्हीकडं एकच. आत्ता ऑगस्टमधे तुझ्याकडं सव्वापाचच्या आत उजाडतंय. तू लिहिलंयस की साडेसातला उठते, आवरून दहाला बाहेर पडते. अगं, दहाला तिथं कुणी भेटणार कसं? साताऱ्याच्या मंडईत सकाळी अकराला जाऊन इथं काहीच हालचाल नाही म्हणण्यासारखं झालं ते. तुला वाटतं बेट झोपलंय, मला शंका आहे की बेटाचा निम्मा दिवस तू झोपेत घालवतेस, आणि लवकर पडणारा अंधार तेवढा तुझ्या वाट्याला येतो, कारण डिसेंबरमधे तर पाचलाच सूर्य जाईल तुझा. आठ दिवस साडेचारला ऊठ, माझ्यावर विश्वास ठेवून, चीड आली तरी. साडेपाचला त्या तीन नंबरच्या बाजारात (तिकडं गावांना, किनाऱ्यांना नंबरच आहेत) जाऊन उभी राहा, मासे कोण आणतं, कुठली फेरी कधी लागते, भाजी कोण उचलतं बघ. रात्री साडेआठला झोपलीस तर कुणी नाव ठेवणार नाही, तिकडं तर नाहीच, आणि सांगलीला कळणार नाही.

प्लंबरचं ऐकून मी हसले, माफ कर. आमच्याकडं एक आहे तो गेले अकरा दिवस "आलोच" म्हणतोय आणि त्याचं घर माझ्या गच्चीतनं दिसतं. पण तुझ्यावाल्याची बाजू घेते मी. तो खोटं बोलत असेलच असं नाही. त्याच्याकडं वॉशर नसेल, वॉशर पोर्ट ब्लेअरला असेल, पोर्ट ब्लेअरच्या दुकानात संपला असेल आणि चेन्नईहून जहाज निघालं की तीनेक दिवस लागतात यायला. तो "कल" म्हणतो म्हणजे "बोट आल्यावर", एवढंच. पुढच्या वेळी कधी येणार असं विचारूच नको, काय सामान लागणार ते विचार आणि तुझा नवरा रिसॉर्टचं सामान मागवतो त्यात ते टाकायला लाव. मग प्लंबर आधी तुझ्याकडं येतो का नाही बघ. आणि घरात दोन महिन्यांची औषधं, डाळ-तांदूळ, मेणबत्त्या ठेव, तुझ्या आज्जीनं पावसाळ्याचं जसं भरून ठेवलं असेल तसं, त्याला मागासलेपणा समजू नको.

भरती-ओहोटीचं एक वहीत लिहायला लाग असंही सुचवेन. कोकणातले लोक तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात, म्हणजे चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला. तुझ्या किनाऱ्यावर ते आकडे तसेच्या तसे लागू होणार नाहीत, बंदर बदललं की वेळ बदलते, पण रोज साधारण पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पुढं सरकणं तेच. पंधरा दिवस लिही, तुझा तुला आकडा सापडेल. पेरोलवाल्या मुलीला आकड्यांचा हिशेब जुळल्याशिवाय झोप येत नाही हे मला माहितीये, माझी भाची त्याच लाईनमधे आहे. पाच नंबरला पाणी किती वाजता आत गेलेलं असेल हे तुला घड्याळ न बघता सांगता यायला लागलं ना, की मला कळव.

पण हे सगळं वरवरचं, खरं काम बौदीपासनं सुरू कर. नुसतं थँक्यू म्हणायला नको, तिला विचार की अजून कुणाचे फॉर्म अडलेत. असणारच अडलेले. ह्या बेटावरची पुष्कळ घरं पूर्व बंगालातून निर्वासित म्हणून आलेल्यांची, फाळणीनंतर सरकारनं त्यांना तिथं जमिनी दिल्या, जंगल तोडून शेतं केली त्यांनी. नवीन जागी येऊन बसणं म्हणजे काय हे त्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहितीये, बौदीची सासू असेल तर तिच्याजवळ बस एखादी दुपार. दुपारी दुकानं बंद असतात म्हणून चिडतेस ना, ती वेळ बहुतेक ह्यासाठीच आहे. बंगाली येत नाही म्हणून अडू नको, हिंदीत बोल, आणि रोज दोन शब्द उचल. चुकलीस की त्या हसतील. हसू दे.

दुसरं, तिथं होमस्टे, स्कूटर भाड्यानं देणारे, डायव्हिंगवाले, छोटी हॉटेलं किती आहेत, प्रत्येकाकडं दोन-चार माणसं कामाला, आणि हिशेब बहुतेक वहीत नाहीतर डोक्यात. पेरोल, पीएफ, जीएसटी हे शब्द ऐकून ज्यांच्या पोटात गोळा येतो अशी माणसं तुझ्या चालत्या अंतरावर राहतात. एकाचं काम घे. फुकट करू नको, कमी घे पण पैसे घे. एका गावात एकाचं काम नीट केलंस की दुसऱ्याकडं स्वतः जावं लागत नाही, एवढं मी छातीठोक सांगते. आणि पुण्याच्या जुन्या कंपनीलाही विचारून बघ की महिनाअखेरचं चार दिवसांचं काम लांबून देता का. २०२० च्या ऑगस्टमधे चेन्नईहून समुद्राखालनं केबल आलीय, साधारण २३०० किलोमीटरची, तिचं एक टोक हॅवलॉकलाही आहे, त्याआधी सगळं सॅटेलाईटवर चालायचं. नेट आता जमण्यासारखं असावं. लाईट जाते म्हणतेस, तर इन्व्हर्टर घे आणि २८ ची कामं २५ ला संपवायची सवय लाव, वादळाचं काही सांगता येत नाही.

छंद जोपास असं मी मुद्दाम म्हणत नाहीये. पेंटिंग, शंख-शिंपले, सूर्यास्ताचे रील, करायचं तर कर, पण त्यानं तुझं दुखणं जाणार नाही. रील टाकलंस की शंभर जण मजा आहे बाई म्हणतील आणि तू परत तिथंच.

आता तिकीट. तू फेब्रुवारीत गेलीस, म्हणजे आकाश निळं, समुद्र शांत, पर्यटक भरलेले, सगळं चकाचक. मग मे संपताना पाऊस सुरू झाला असणार. तिकडं वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पडतो, सांगलीच्या पाच-सहा पट (आमचं महाबळेश्वर ह्याच्याही पुढं आहे, पण आम्ही त्याचा कधी गवगवा केला नाही). आणि अंदमानला पावसाचे दोन डाव आहेत, नैर्ऋत्येचा मोसमी संपतो न संपतो तोवर ईशान्येचा, तो जातो पार डिसेंबरपर्यंत. म्हणजे तू डिसेंबरला निर्णय घ्यायचं ठरवलंयस तो सहा महिने भिजल्यानंतरचा निर्णय असणार. भिजलेल्या माणसाने घर सोडायचा निर्णय घेऊ नये बाई. डिसेंबरला ये, जरूर ये, पण परतीचं तिकीटही काढ, महिनाभर राहा, आईकडं जेव, पुण्यात मैत्रिणींकडं जा आणि सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधे एक संध्याकाळ बसून बघ कसं वाटतं ते. परत जानेवारीला बेटावर जा. एप्रिलमधे ठरवा दोघांनी. तेव्हाही नकोसं वाटलं तर सरळ परत या, त्यात हरल्यासारखं काही नाही. माझ्यानंतर त्या शाळेवर आलेल्या बाई सहा महिन्यात बदली करून गेल्या, चांगल्या होत्या, पोरांना आवडायच्या, त्यांना नाही जमलं तर नाही जमलं. काही माणसांना गर्दी लागतेच, गाड्यांचे हॉर्न ऐकल्याशिवाय झोप येत नाही अशी माणसं मी बघितलीयत.

आणि एक गंभीरपणे. तू वेड लागेल हा शब्द सहज लिहिलायस असं धरून मी चाललेय. पण सलग दोन आठवडे झोप येत नसेल, जेवण जात नसेल, सकाळी अंथरुणातनं उठावंसंच वाटत नसेल, कारण नसताना रडू येत असेल, तर हा सल्ला बाजूला ठेव आणि १४४१६ ला फोन लाव. टेलिमानस म्हणून सरकारची हेल्पलाईन आहे, पैसे लागत नाहीत. बेटावर डॉक्टर लांब असला तरी फोन जवळ आहे. लाज वाटायचं काही कारण नाही, ताप आल्यावर गोळी घेतोच की.

बाकी काय. दिवाळीला कुणी तिकडं येणार असेल तर त्याच्याकडं भडंग मागव, किलोभर तरी, बौदीकडं त्यातलं अर्ध जाईल हे धरून. त्यांच्याकडं झालमुडी असते, आपल्या भडंगाला ती काय म्हणते ते मला जाणून घ्यायचंय, खरंच. आणि साडेचारला उठायला लागलीस ना, तर उत्साहाच्या भरात तेव्हा आईला फोन करू नको. तुझ्या खिडकीत उजाडायच्या बेतात असेल पण सांगलीत तेव्हा चांगला अंधार असतो, फोन वाजला की त्या बिचारीला वाटायचं काय झालं म्हणून. सातनंतर लाव. आणि मजा आहे बाई म्हणाली की ह्या वेळी तिला प्लंबरचं सांग.